भालेरावांचे सव्वीस स्टड

आमच्या सोसायटीतले भालेराव कुकरच्या दांड्याचा स्क्रूसुद्धा टॉर्क पान्यानं आवळतात. टॉर्क पाना म्हणजे ट्रकच्या कारखान्यात असतो तो. त्यावर हवा तेवढ्या जोराचा आकडा लावायचा आणि आवळत जायचं. तेवढा जोर झाला की तो ‘टक्’ करतो. भालेरावांकडे असे तीन आहेत. लहान, मधला आणि हातभर लांबीचा. पुण्यात देवघरात चांदीची भांडी ठेवतात तसे त्यांनी ते मखमली डब्यांत ठेवले आहेत.

हे मला ठाऊक आहे, कारण कुकर आमचा होता. मी त्यांच्याकडे फक्त स्क्रू ड्रायव्हर मागायला गेलो होतो.

“किती आवळायचाय?” भालेरावांनी विचारलं.

“घट्ट.”

“घट्ट म्हणजे किती?”

“अहो, म्हणजे... अंदाजे घट्ट.”

“अंदाजे हा आकडा नाही, सचिवसाहेब,” असं म्हणून ते लहान डबा घेऊन स्वतः आमच्या स्वयंपाकघरात आले. टक् झालं. मी दांडा हातात घेऊन सवयीनं जरा आणखी पिळून बघणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. “टक् झाल्यावर हात काढायचा. त्यापुढं आवळणाऱ्या माणसांनी या देशाच्या इंजिनांची वाट लावली आहे.” आमच्या सौ.ने त्यांना चहा दिला. तो किती मिली होता हे त्यांनी विचारलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

सचिव म्हणजे सोसायटीचा सचिव. शनिवार पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही धायरीला आलो तेव्हा मोकळी हवा मिळेल एवढीच अपेक्षा होती. सचिवपद हवेबरोबर आलं.

भालेराव अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या ट्रकच्या कारखान्यात इंजिन विभागात तपासनीस होते. म्हणजे दुसऱ्यांनी आवळलेलं बरोबर आवळलं आहे का, हे बघण्याचा पगार घेत होते. मग देशात उदारीकरण आलं आणि त्यांच्या विभागात एक परदेशी यंत्र आलं. ते सगळे नट एकदम आवळायचं आणि आकडेही स्वतःच लिहून ठेवायचं. कंपनीनं भालेरावांना स्वेच्छानिवृत्ती दिली, एक हार दिला आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागं पडतं. भालेरावांनी ते मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही. कोणी विचारलं तर “कंपनीच्या आताच्या कामाचा नमुना आहे,” असं सांगतात.

पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या. मुलगी सुजाता खराडीला सॉफ्टवेअरमध्ये होती. ती दर रविवारी यायची, वडिलांसाठी आठवड्याची भाजी चिरून ठेवायची आणि संध्याकाळी स्कूटीवरून परत जायची. मग तिला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. भालेरावांनीच वाटले होते.

त्यानंतर भालेराव सोसायटीकडे वळले. जिन्याच्या बाराव्या पायरीची उंची इतरांपेक्षा जास्त आहे, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अर्धा इंच खाली थांबते, सूचनाफलक डावीकडे कललेला आहे, असे अर्ज मला दर रविवारी मिळू लागले. सोमवारी नाही, शनिवारी नाही. रविवारी सकाळी साडेनऊला, त्यांची बुद्धवंदना आटोपली की बेल वाजायची. मी सौ.ला म्हणायचो, “उघड, मोजमाप खातं आलं.”

आता बबनराव.

धायरी महापालिकेच्या हद्दीत कागदावर येऊन बराच काळ झाला होता. पाणी अजून आलं नव्हतं. त्यामुळे रोज सकाळी सातला बबनराव त्यांचा टँकर घेऊन यायचे. ते मूळचे इथलेच. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथं ते लहानपणी म्हशी चारत असत, आणि टाकीत पाइप सोडून झाला की ही माहिती ते आम्हाला न चुकता देत. पहिल्याच दिवशी भालेराव लोखंडी पट्टी घेऊन टँकरवर चढले आणि पाणी दोन बोटं कमी असल्याचं त्यांनी जाहीर केलं. बबनराव म्हणाले, “सायेब, चढाला हिंदकाळतंय त्ये. दोन बोटं रस्त्यानं पिली.” भालेराव दुसऱ्या दिवशी विहिरीपासून टँकरमध्ये बसून आले. खरोखर दोन बोटं हिंदकळून जात होती. असल्या तपासात ज्याचं म्हणणं खरं निघालं असा भालेरावांच्या आयुष्यातला हा बहुधा पहिला माणूस. तेव्हापासून टाकी भरेपर्यंत दोघं पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा पिऊ लागले. वीस मिनिटं. मी वरून बघायचो. एक बोलतोय आणि दुसरा ऐकतोय असं कधी दिसलं नाही. दोघंही एकदमच बोलायचे.

त्या उन्हाळ्यात टँकरनं दगा दिला. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात आणि खालच्याला ब्लॉक. मध्ये गास्केट नावाचा पातळ पत्रा असतो. तो फुटला की पाणी तेलात जातं आणि गाडी पांढरा धूर ओकत उभी राहते. बबनरावांचं गास्केट वर्षात तिसऱ्यांदा फुटलं होतं. प्रत्येक वेळी मेस्त्री नवं गास्केट टाकायचा, जुनेच बोल्ट परत घालायचा, दात ओठ खाऊन आवळायचा आणि “आता बगायचं काम न्हाई” म्हणायचा.

मी खाली गेलो तेव्हा बबनराव चहाच्या खुर्चीवर बसले होते, पण चहाला हात लावेनात. त्यांच्या मुलाच्या, रोहिदासच्या, खराडीतल्या कंपन्यांना लावलेल्या गाड्या होत्या. त्यानं वडिलांना निक्षून सांगितलं होतं की आता एकदा, फक्त एकदा, हेड उतरलं तर टँकर भंगारात जाणार आणि आबा खराडीच्या गेटवर सिक्युरिटीत बसणार. ओळख होती, जागा नक्की होती.

“टोपी घालून बसायचं,” बबनराव म्हणाले. “आन् काठीला आरसा बांधलेला असतो बगा, त्यो घिऊन येईल त्या गाडीच्या बुडाखाली बगायचं. मी? मी गाडीवर बसणारा मानूस. मी काय लोकांच्या गाड्यांची बुडं बगत मरू व्हय?”

ते हसण्यासारखं बोलले होते. पण हसले नाहीत आणि मलाही हसता आलं नाही. भालेराव उठले. इंजिनात डोकं घालून बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, “गास्केटचा दोष नाही. बोल्ट ताणले गेलेत. चढाला ओढावी म्हणून तुम्ही डिझेलचा पंप वाढवून घेतलात, आत दाब वाढला, आणि हे म्हातारे बोल्ट हेड धरून ठेवू शकत नाहीत. बोल्ट काढायचे. स्टड घालायचे. चांगल्या पोलादाचे.”

“फरक काय?” मी विचारलं. ही माझी चूक.

पाऊण तास त्यांनी फरक सांगितला. थोडक्यात असा, की बोल्ट आवळताना अख्खा फिरतो, म्हणून त्याला पीळही बसतो आणि ताणही. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा. तो ब्लॉकमध्ये गपचूप उभा असतो आणि आवळायचा तो फक्त वरचा नट. त्यामुळे स्टडला पीळ नाही, नुसता सरळ ताण. “सरळ ताण पोलाद आयुष्यभर सोसतं,” भालेराव म्हणाले. “पिळानं मरतं.”

“कधी होईल?” मी सचिव म्हणून विचारलं. चाळीस बिऱ्हाडांची टाकी कोरडी होती.

“बसवायला एक दिवस. निवडायला किती, ते स्टड बघितल्यावर सांगतो.”

निवडायला एकोणीस दिवस लागले. त्या काळात आम्ही दुसरा टँकर लावला. त्याच्या पाण्यानं अंघोळ करून अंग पुसलं की टॉवेल धुवावा लागे. रोज संध्याकाळी बायकांचं एक शिष्टमंडळ मला भेटायला येई, आणि मी त्यांना भालेरावांकडे पाठवत असे. तिथून त्या बोल्ट आणि स्टडमधला फरक शिकून परत येत.

एकदा मी त्यांच्याबरोबर नाना पेठेत गेलो. तिथं स्पेअर पार्टची दुकानं ओळीनं आहेत. दुकानदारानं सव्वीस स्टडचं पुडकं समोर टाकलं. भालेरावांनी खिशातून केसभर फरकही दाखवणारा व्हर्नियर काढला आणि एकेक स्टड तीन ठिकाणी मोजायला सुरुवात केली. सात बाजूला ठेवले, एकोणीस परत केले. दुसरं पुडकं मागितलं. त्यातले पाच बाजूला ठेवले. मग उष्णता देऊन कडक केल्याचा दाखला मागितला.

“काका, सगळे हेच नेतात,” दुकानदार म्हणाला.

“सगळ्यांची हेडं उडतात.”

“अहो, तुम्हाला स्टड न्यायचाय की सून करून घ्यायचीय?”

“सुनेच्या बाबतीत मी इतकं बघणार नाही,” भालेराव शांतपणे म्हणाले. “ती बदलू शकते.”

शेवटी भोसरीत त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा छोटा कारखाना होता, त्यानं ते नव्यानं बनवून द्यायचं कबूल केलं. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल की मित्र आहे, समजून घेईल. भालेरावांनी पहिली खेप नाकारली, कारण आटे कापून पाडले होते. त्यांना ते दाबून वळवलेले हवे होते; कापलं की पोलादाची नस तुटते म्हणे. दुसरी खेप घेतली. सव्वीसच्या सव्वीस. घरी आणून वर्तमानपत्रावर रांगेत मांडले आणि मला बोलावून दाखवले. मला ते सव्वीस सारखे दांडे दिसले. पण भालेरावांचा चेहरा असा होता की मी “सुंदर” म्हणालो. हा शब्द मी लग्नासाठी मुलगी बघतानाही वापरला नव्हता, असं सौ. म्हणते.

बसवण्याचा दिवस रविवार. माझ्या सहीनं सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: ‘पार्किंगमध्ये महत्त्वाचे काम चालू असल्याने सकाळी आठ ते एक शांतता राखावी.’ लोकांना वाटलं पूजा आहे. दोघीतिघी नमस्कार करूनही गेल्या.

हेड आदल्या दिवशीच उतरवून, घासून तयार होतं. भालेरावांनी ब्लॉकच्या सव्वीस भोकांतून एकेक करून काडीला कापड गुंडाळून फिरवलं. भोकात थेंबभर तेल राहिलं आणि वरून स्टड दाबला तर तेलाला जायला वाट नसते आणि ब्लॉक तडकतो, असं ते म्हणाले. दोन तास भोकं पुसण्यात गेले. मग आट्यांना वंगण लावून त्यांनी पहिला स्टड उभा केला आणि दोन बोटांनी फिरवत खाली बसवला.

“पाना?” बबनरावांनी हातात पाना धरला होता.

“ठेवा तो. स्टड बोटांनीच बसवायचा. टेकला की सोडायचा.”

“निस्ता हातानं? आन् हेड धरंल?” बबनरावांनी विचारलं. सगळं आयुष्य या माणसाच्या दोन बोटांवर आलं आहे हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. ते टायरला टेकून खालीच बसले.

मग नवं गास्केट, त्यावर हेड, मग नट. नटांना खडूनं क्रमांक घातले. आवळायचं मधून बाहेर, एकदा इकडचा एकदा तिकडचा, आणि तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत सतराव्या नटावर पाना असताना फाटकातून “ए भंगाऽऽर! लोखंड, पत्रा, जुनी गाडीऽऽ!” अशी आरोळी आली. भालेरावांचा हात थांबला. टक् झालं होतं की नव्हतं, ते त्यांना सांगता येईना. आम्ही दहाजण बघत होतो, आम्हालाही सांगता येईना. बबनराव म्हणाले, “झालं असंल की सायेब.”

भालेरावांनी सगळे सव्वीस नट सैल केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भंगारवाल्याला मी स्वतः फाटकापर्यंत सोडून आलो.

तिसरी फेरी संपली तेव्हा दोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी भरलेला टँकर घेऊन आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. बबनराव गाडीवर, भालेराव मध्ये, मी दाराशी. रोहिदासही मागून त्याच्या गाडीनं आला होता. निकाल लावायलाच आला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. अर्ध्या चढावर बबनराव देवाचं नाव घेत होते, भालेराव उष्णतेच्या काट्यावर बोट ठेवून बसले होते आणि मी उडी मारायची वेळ आली तर चप्पल आधी काढावी की नंतर याचा विचार करत होतो. काटा मधोमध होता. वर पोचलो तरी तिथंच होता. बबनरावांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून लहान मुलासारखे रडले. रोहिदासनं खाली उतरून इंजिनाभोवती एक चक्कर मारली, कुठं काही गळत नाही हे पाहिलं आणि गाडी वळवून निघून गेला.

भालेरावांनी काट्यावरचं बोट काढलं. “नवीन स्टड आहेत. ताण उतरतो. दर पाचशे किलोमीटरला नट तपासावे लागतील. म्हणजे तुमचा एक आठवडा. रविवारी, साडेनऊला आणत जा.”

तेव्हापासून टँकर दर रविवारी सातच्या खेपेनंतर पुन्हा एकदा येऊ लागला. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी. भालेराव इंजिनाचं वरचं झाकण उघडायचे, सव्वीस नटांना क्रमानं पाना लावायचे, आकडे वहीत लिहायचे. मग दोघं चहा प्यायचे, मग बबनरावांनी घरून आणलेली भाकरी आणि भरलं वांगं खायचे. जायला बबनरावांना दोन वाजायचे. माझ्याकडे येणारे अर्ज बंद झाले. मी देवाचे आभार मानले आणि कारण शोधायच्या भानगडीत पडलो नाही.

कारण मला फाइलमध्ये सापडलं. भालेरावांना कुठलाही कागद टाकवत नाही. टँकर सोसायटीला पाणी देतो म्हणून त्यांनी त्या कामाचे सगळे कागद माझ्याकडे ‘रेकॉर्डला’ दिले होते आणि मी ते न वाचता लावले होते. लेखापरीक्षणाच्या आधी फाइल चाळताना नव्या गास्केटचं पाकीट हाती आलं. उलगडून, सपाट करून, दोन भोकं पाडून लावलेलं. भालेरावांची एक सवय सांगायची राहिली. वाचलेल्या प्रत्येक ओळीखाली ते लाल पेन्सिलनं पट्टी धरून रेघ मारतात, तपासनिसाची खूण. पाकिटावरच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि प्रत्येक ओळीखाली रेघ होती. शेवटची ओळ सांगत होती की हे गास्केट एकदा बसवल्यावर नट पुन्हा आवळण्याची किंवा तपासण्याची गरज नाही. तिच्याखालीही रेघ होती. दुहेरी.

मी पाकीट हातात धरून बसलो. या माणसानं अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचा खोटा आकडा पकडला होता. आणि आता दर रविवारी सव्वीस नटांची खोटी तपासणी वहीत लिहीत होता. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. मला आठवलं ते एवढंच, की रविवारी बेल वाजली की मी काय म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत पाइप सोडताना मी बबनरावांना एकटं गाठलं. वाटलं, त्यांना सांगावं. त्यांचा रविवार फुकट जातोय, रविवारी तर टँकरला जास्त मागणी असते. मी आडवळणानं सुरुवात केली, की त्या तपासणीची काही तशी गरज नसावी.

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. “सचिवसायेब, तीस वर्सं डिझेलात हात हायती माजं. पैल्याच रविवारी दिसलं. पाना लावला की टक् करतोय, नट जाग्यावरनं हलतबी न्हाई. जो हलत न्हाई त्यो तपासायचा कशाला?”

“मग तुम्ही दर रविवारी...”

“रोह्यानं रविवारचं एका बांधकामावरचं काम आनलं हुतं. म्हनलं, जमायचं न्हाई. रविवारी गाडी तपासनीला असती.” पाइप झटकून त्यांनी गुंडाळायला घेतला. “तुमी सायबास्नी काय बोलू नगा. त्यास्नी वाटतंय मला ठावं न्हाई.”

वर येऊन मी फाइल उघडली आणि ते पाकीट काढून घेतलं. सचिव म्हणून रेकॉर्डमधला कागद मी पहिल्यांदाच गायब केला. सौ.ने विचारलं काय फाडताय, तर मी जुनं बिल म्हणालो.

त्या रविवारी पावणेदहाला मी माझी स्कूटर ढकलत पार्किंगमध्ये घेऊन गेलो. ती एका किकमध्ये सुरू होते, काही दुखणं नाही. दोघांनी बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

“काय काढलंत, सचिवसाहेब?” भालेराव म्हणाले.

“काही नाही. हेडमधून जरा आवाज येतोय असं वाटतं. बघाल का?”

भालेरावांनी स्कूटर सुरू केली. कान लावला. बंद केली, पुन्हा सुरू केली. त्या इंजिनात काही नाही हे त्यांना पहिल्या क्षणाला कळलं असणार. त्यांनी नटांच्या वहीचं नवं पान उघडलं. बबनराव दुसरीकडेच बघत वांग्याचा डबा उघडत होते.

“हं,” भालेराव शेवटी म्हणाले. “हिलाही दर रविवारी आणावं लागेल.”